जिवंत माणूस नाण्यावर येत नाही

नव्या आठवीच्या वर्गावर पहिल्या दिवशी गेले की सर खिशातून एक रुपया काढायचे आणि पहिल्या बाकावरच्या पोराच्या हातात द्यायचे. "काय दिसतं?" पोरगा म्हणायचा, "सिंह." "किती?" "तीन." मग वर्गातला एखादा हुशार हात वर करून सांगायचा की सर, चार असतात, चौथा मागं असतो. सर त्या हुशाराजवळ जाऊन उभे राहायचे. "तू पाहिलायस?" "नाही सर, पुस्तकात आहे." "म्हणजे पाहिला नाहीस. लिहून घ्या सगळे. तीन दिसतात, चौथ्याबद्दल संशय ठेवावा." आणि अख्खा वर्ग खरोखरच ते वहीत लिहून घ्यायचा. एकदा एका आईने ती वही आणून मुख्याध्यापकांच्या टेबलावर आपटली होती.

सोलापुरातल्या एका जुन्या शाळेत मी गणित शिकवते. सर तिथे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. पोरं त्यांना छापा-काटा सर म्हणत. कुणी नाणं दिलं की ते दोन्ही बाजूंनी पाहिल्याशिवाय खिशात जात नसे. मध्यंतरी आपल्याकडे रिक्षावाले दहाचं नाणं घेईनासे झाले होते. तेव्हा सर रिक्षातून उतरून भर चौकात त्यांना नाण्याचा पाठ द्यायचे, सिंह दाखवायचे, रेघा मोजायला लावायचे आणि नाणं गळ्यात मारूनच पुढे जायचे. त्यांना स्वतःला मात्र कुणी दहाचं नाणं दिलं तर घेत नसत. "माझं मला माहितीय की खरं हाय. तुमचं कुठनं आलं काय सांगावं?" पुढे मोबाइलने पैसे द्यायची सोय आली, तर कँटीनच्या भिंतीवरचा तो काळा-पांढरा चौकोन उचकटून मागून पाहायला ते विसरले नाहीत. "ह्याला मागची बाजूच न्हाय," म्हणाले, आणि शेवटपर्यंत रोखीनेच चहा प्यायले.

चहासुद्धा दुसऱ्या कुणी त्याच किटलीतला प्याल्यावरच. कपाटाच्या कुलपाला ते पांढरा दोरा बांधून जायचे, कुणी उघडलं तर कळावं म्हणून. कपाटात काय होतं, तर नकाशे आणि खडू. स्टाफरूममध्ये पाठ भिंतीला लागेल अशीच खुर्ची घ्यायचे. डाव्या कानाची पाळी खालून फाटलेली होती, अगदी दोन फाके झालेले. नव्या माणसाने निरखून पाहिलं की स्वतःच सांगायचे, "लहानपणी बाळी हुती कानात. बोकडाला विश्वासानं जवळ घेतलं. त्यानं वडली. तवापास्नं मी कुणाला जवळ येऊ देत न्हाय."

ते सांगोल्याकडचे. घरी पिढ्यानपिढ्या मेंढरं. घराण्यातला पहिला शिकलेला माणूस, म्हणून गावाला त्यांचं कौतुक आणि त्यांना गावाचा संशय. आठवडाभर सोलापुरात खोली करून राहायचे आणि शनिवारी दुपारच्या एस.टी.ने गावी जायचे.

मी त्यांना एकदा म्हटलं, "सर, इतका संशय बरा नाही, मन खातं." तर म्हणाले, "संशय म्हंजे काय मनाला लावून घ्यायचं काम न्हाय बाई. दार लावल्यावर कडी बघतो ना आपण, तेवढंच." बोलायला सोपं होतं. मी स्वतः कडी तीनदा बघणाऱ्यांतली आहे, पण निदान ते कबूल करते.

देशाच्या नाण्यावर कोणी यावं, हा त्यांचा आवडता विषय. बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात त्यांनी पुढाऱ्यांची, साधुसंतांची, कुणाकुणाची चित्रं असलेली नाणी जमवली होती. डबा उघडला की त्यांचा आवाजच बदलायचा. "राजाचं वेगळं असतं. राजा जिवंतपणीच स्वतःला नाण्यावर बसवून घेतो. आपण गेल्यावर पोरगा आपलं डोकं काढून त्याचं बसवणार, ही त्याला खात्री असते. लोकशाहीत आधी मरावं लागतं. मेल्यावर लोक थोडं थांबतात, कुणी फार शिव्या घालतंय का बघतात. न्हाय घातल्या, तर मग सिंहाच्या पाठीमागची जागा मिळते. जिवंत माणूस नाण्यावर येत न्हाय."

मी गणिताची. विचारलं, "हे कुठल्या कायद्यात लिहिलंय?"

त्यांनी पंधरा दिवस घेतले. कोर्टातल्या ओळखीच्या कुणाकडून नाण्यांच्या कायद्याची झेरॉक्स आणली, अख्खी वाचली आणि माझ्यासमोर ठेवली. "न्हाय लिहिलेलं. चित्र कसलं ते सरकार ठरवील, एवढंच हाय."

"मग तुमचा नियम गेला."

"गेला कसा? लिहिलेला न्हाय तरी पाळतात की. म्हंजे कायद्याच्या मागं काय तरी लई जुनं हाय." आणि मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्यात माणूस गेला की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती ठोकून देवात ठेवतात. टाक म्हणतात त्याला. जित्या माणसाचा टाक करत न्हाईत. केला तर त्यो जगत न्हाय. सरकारला बी हे माहीत असणार. सांगत न्हाईत एवढंच."

हे सांगताना ते हसले नव्हते. मी हसले होते.

आता फोटोचं. दर वर्षी निकालाच्या आधी स्टाफचा ग्रुपफोटो निघतो. माझ्या घरी तसे अठरा फोटो आहेत, एकातही सर नाहीत. त्या दिवशी त्यांची रजा असायची, नाहीतर पोट बिघडलेलं. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. संस्थापकांच्या पुण्यतिथीला सभागृहात कार्यक्रम असतो. व्यासपीठावर त्यांचं मोठं तैलचित्र, फेटा, पिकल्या मिशा, हार, उदबत्ती. सगळा स्टाफ ओळीने फुलं वाहतो. सर त्या दिवशी स्वतः मागून गेटवरची ड्यूटी घ्यायचे. उन्हात उभे राहायचे, पण आत पाऊल टाकायचे नाहीत. मी मनात नोंद करून ठेवली. संस्थेचं मीठ खातो आणि संस्थापकाला एक फूल वाहवत नाही, म्हणजे काहीतरी जुना डंख असणार.

शाळेला पन्नास वर्षं झाली, त्याला आता सात-आठ वर्षं झाली असतील. संस्थेचे अध्यक्ष म्हणजे संस्थापकांचे नातू. त्यांनी सगळ्या शिक्षकांची सभा बोलावली आणि सांगितलं की आठवण म्हणून प्रत्येकाला चांदीचं नाणं देणार. एका बाजूला आजोबा, दुसऱ्या बाजूला ते स्वतः. नको कोण म्हणणार? टाळ्या सुरू झाल्या आणि त्या टाळ्यांत सर उभे राहिले.

"साहेब, जिवंत माणूस नाण्यावर येत नाही."

सगळा नियम त्यांनी पुन्हा सांगितला. राजा, लोकशाही, सिंह, सगळं. मुख्याध्यापक खाली बघत होते. पण अध्यक्षांना कोण जाणे काय वाटलं, ते मोठ्याने हसले. "बरोबर आहे सरांचं. आमचा नंबर लागेल तेव्हा लागेल. फक्त आजोबा छापू." पुन्हा टाळ्या. सर जिंकले होते. बसायला हरकत नव्हती.

ते बसले नाहीत. तोंड उतरलं होतं, बाक धरून उभे होते. "संस्थापकांचाही चेहरा नको, साहेब."

"का? ते तर केव्हाच वारले."

"त्यांना... फोटो आवडत नव्हता. इमारत छापा. घंटा छापा शाळेची."

सभेत कुजबुज सुरू झाली. माझ्या शेजारचे म्हणाले, नाणी पाडणाऱ्या सराफाकडून यांचं काहीतरी कमिशन ठरलेलं दिसतंय. मला ते पटलं नाही. मला वाटलं, हा माणूस एका चेहऱ्याला नाही म्हणतो, दुसऱ्याला नाही म्हणतो, म्हणजे याच्या मनात तिसरा कुणीतरी आहे. आणि माझी जीभ वळवळली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मग सर, तुमचाच चेहरा घालू या का?"

सभागृह फुटलं. अध्यक्षसुद्धा डोळे पुसत हसले. सरांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मला वाटलं आता काहीतरी बोलतील. पण ते खाली बसले आणि त्यानंतर नोकरी संपेपर्यंत कुठल्याही सभेत बोलले नाहीत. पुढच्या बाजूला संस्थापक आलेच; मागच्या बाजूला घंटा आली, तेवढं सरांचं ऐकलं गेलं.

लाल मखमलीच्या डब्या वाटल्या गेल्या. मी जुळे सोलापुरात राहते. संध्याकाळी घरी येऊन डबी नवऱ्याच्या हातात दिली. त्याने चष्मा लावला, नाणं उजेडात धरलं आणि विचारलं, "यांचा कान कशानं फाटला होता गं?"

मी नाणं हिसकावूनच घेतलं. सभागृहातल्या तैलचित्रात फेट्याच्या सावलीत तो कान काळपट रंगात बुडून गेला होता. सराफाच्या कारागिराने त्या चित्रावरून ठसा कोरताना सावली काढून टाकली आणि जे होतं ते नेमकं उठवलं. डाव्या पाळीचे दोन फाके.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सभागृहात स्टुलावर चढले आणि चित्रावरचा हार बाजूला सारला. कान तसाच होता. मग नाक पाहिलं. मग हनुवटी. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते, लपवत नाही. मला वाटलं, या माणसाने कारागिराला आणि त्याआधी चित्रकाराला फितवून स्वतःला आत घुसवलं. चित्र मी नोकरीला लागायच्या आधीचं आहे, हेही मला त्या रागात सुचलं नाही.

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी मी एस.टी. स्टँडवर गेले. सर सांगोल्याच्या गाडीची वाट पाहत फलाटाच्या कठड्यावर बसले होते, पाठ भिंतीला. मांडीवर कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुरचुंडी. मी नाणं पुढे केलं. त्यांनी सवयीने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं. घंटा. मग चेहरा.

"बसा," म्हणाले. "तुमाला तर आधीच कळलं हुतं की."

मला हा टोमणा वाटला. मी नुसतं हूं केलं.

मग त्यांनी सांगितलं. संस्थापकांना फोटोचं वावडं होतं, फोटो काढला की आयुष्य कमी होतं म्हणायचे. ते गेले तेव्हा त्यांचा एकच फोटो होता, पायाभरणीचा. त्यात ते वाकून थापी मारत होते आणि दिसत होता फक्त फेटा. पहिली पुण्यतिथी आठवड्यावर आलेली. तेव्हाचे सेक्रेटरी चित्रकलेच्या शिक्षकांना म्हणाले, काहीही करा, चित्र पाहिजे. सर तेव्हा चोवीस वर्षांचे, तात्पुरत्या नेमणुकीवर, शाळेत सगळ्यांत नवे. अंगकाठी बरी, मिशा भरदार. त्यांना फेटा बांधून चार संध्याकाळी खुर्चीवर बसवलं. चित्रकलेच्या मास्तरांनी मिशा पिकवल्या, कपाळावर सुरकुत्या घातल्या. कान मात्र होता तसा काढला. ते प्रामाणिक होते आणि त्यांना वेळ नव्हता.

"मग लोकांना ओळखू आलं नाही?"

"समदे म्हणाले, हुबेहूब. तवाचे अध्यक्ष म्हणाले, स्टाफ म्हणाला, गावातले मोठे लोक म्हणाले. एकट्या संस्थापकांच्या बायकोनं हात लावून बघितलं आन् म्हणाली, हे जरा तरुणपणचे दिसत्यात. त्याच रात्री मी मिशा काढल्या. परत ठेवल्या न्हाईत."

पुढच्या महिन्यात त्यांना कायम नेमणुकीची ऑर्डर मिळाली. सेक्रेटरी ऑर्डर हातात देताना म्हणाले होते, तोंड बंद ठेवलंस, गुणी आहेस.

गाडी लागली नव्हती अजून. सर भाकरीचा तुकडा मोडत होते आणि खात नव्हते. "दरसाल मला हार घालत्यात बाई. मी भाईर गेटवर उभा, आत माझ्या फोटूला उदबत्ती. ते बी सोसलं. चित्र काय, कापडावरचा रंग हाय, आज हाय उद्या उडून जाईल. पण नाणं? धातूवर आलं आता. म्हंजे मी गेलेला हाय, असंच धरायचं."

"सर, काहीतरीच काय."

"त्याचं बी काय न्हाय. माणूस कधीतरी जातोच." मग त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "मला एक सांगा. तुमी हुशार हाय. मी कायम झालो, ते शिकवतो म्हणून झालो, का खुर्चीवर बसलो म्हणून झालो? तीस वर्षं झाली, दुनियेवर संशय घेऊन बघितला. पण हितंच येऊन अडतंय."

मी गणिताची. पुराव्याशिवाय उत्तर द्यायचं नाही ही माझी खोड. मी म्हणायला हवं होतं की सर, तुमच्या वर्गातली पोरं आज चाळिशीची आहेत आणि अजून खिशात टाकायच्या आधी नाणं उलटून बघतात. मी म्हणायला हवं होतं की त्या दिवशी सभेत मी चुकले. यातलं काहीच मी म्हटलं नाही. गाडी लागली. पायरीवरून वळून ते म्हणाले, "मी हाय तवर कुणाला बोलू नका," आणि खिडकीची जागा सोडून पाठीमागे कुणी नसलेली शेवटची जागा शोधायला गेले.

मी बोलले नाही. नवऱ्यालाही नाही, आणि त्याला न सांगता मला पाणी प्यायलासुद्धा जमत नाही.

सर सेवानिवृत्त झाले. निरोपसमारंभाला आले, शाल घेतली, फोटोग्राफर पुढे झाला तेव्हा शाल तोंडावरून घेऊन शिंकले. मग गावी गेले ते गेलेच. गेल्या वर्षी उन्हाळ्यात शाळेच्या मोबाइल ग्रुपवर बातमी आली. झोपेत गेले होते. खाली चाळीस जणांनी हात जोडले होते, आणि कुणीतरी फोटो मागितला होता. कुणाकडेच नव्हता.

दिवस होऊन गेल्यावर मी भेटायला गेले. घरासमोर लिंबाला अजून श्रद्धांजलीचा बॅनर बांधलेला होता. त्यावर आधार कार्डावरचा फोटो मोठा करून छापलेला. त्यात ते कुणीही असू शकले असते.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, अंगणातच बसल्या होत्या. ठेंगण्या, कपाळ मोकळं, आवाज खणखणीत. त्यांनी माझं नाव विचारलं, शाळा विचारली, आणि मग एकदम म्हणाल्या, "बघितला का त्यो बॅनर? पोरगा म्हणतो, आई ह्योच फोटू हाय. म्या म्हणलं, ह्यो मानूस माज्या घरात कदी आला न्हाई."

मला त्यांनी आत देवापाशी नेलं. देव्हाऱ्यात चांदीचे चार-पाच टाक ओळीने मांडलेले. शेवटचा नवा, चकचकीत. सगळ्यांची आकृती एकच, डोळ्यांच्या जागी दोन ठिपके. "सोनारानं ठोकून दिला," त्या म्हणाल्या. "माज्या सासऱ्यात आन् ह्यांच्यात कायबी फरक न्हाय. रोज पुजते मी, पर मला कळत न्हाय कुणाला पुजते."

मी पर्समधून लाल डबी काढली. घरून निघताना ती का घेतली होती, ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं नाही, अंगठ्याने चाचपलं. फेटा, कपाळ, नाक. अंगठा कानाशी आला आणि तिथेच थांबला.  अंगठा त्या दोन फाक्यांवरून हळूहळू पुढे-मागे करत राहिल्या.

मुलगा माझ्या मागे उभा होता. त्याने वाकून नाण्यावरची अक्षरं वाचली. "आई, दुसऱ्याचं नाव हाय त्याच्यावर. शाळा काढली त्या माणसाचं."

"आसू दे. नाव दुसऱ्याचं हाय, कान ह्यांचा हाय." त्यांनी नाणं उलटवून मागची घंटा पाहिली, पुन्हा सुलटं केलं, हळदकुंकू लावलं आणि नव्या टाकाशेजारी ठेवलं. "जित्यापणी देवात ठिवता आलं नसतं. आता ठिवाया काय हरकत न्हाय."

मला रडू आलं. वयाच्या मानाने फारच आलं. मी म्हणाले, "वहिनी, मी सरांशी वाईट वागले होते. एकदा भर सभेत सगळ्यांसमोर मी त्यांना..."

"व्हय की, सांगितलं हुतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "नाण्यावर तुमचाच चेहरा घालू या का म्हणलेल्या बाई तुमीच ना? लई येळा सांगायचे. म्हणायचे, एवड्या मोट्या शाळेत, एवड्या वर्सांत, बरोबर संशय घेनारी ती एकटीच बाई निगाली. समद्यांनी हुबेहूब म्हनून फुलं वाहिली, तिनं तेवडं वळखलं. म्हनून तर स्टँडावर तुमाला समदं सांगितलं. न्हाईतर मला बी त्यांनी ते लग्नानंतर धा वर्सांनी सांगितलं हुतं."

मुलाने चहा आणला. वहिनींनी आधी माझा कप माझ्या हातात दिला, मी एक घोट घेईपर्यंत थांबल्या आणि मग स्वतःचा उचलला.

त्या सभेत माझ्या मनात तसलं काहीही नव्हतं. मी काहीच ओळखलं नव्हतं, चारचौघांना हसवायला नुसती टिंगल केली होती. हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण देव्हाऱ्यातून सर बघत होते, आणि त्यांनी जन्मात एकाच बाहेरच्या माणसावर विश्वास टाकलेला होता. मी चहा संपवला आणि सोलापूरची गाडी धरली.